रिकाम्या पट्ट्याचा मान

मराठवाड्यात दगड मोजायला चालले आहे असं मी चिपळुणात सांगितलं, तेव्हा शेजारच्या वहिनींनी काळजीनं विचारलं, "इथले संपले का?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे जांभ्याचा तोटा नाही, आणि माझे गुडघे बघता दगडासाठी इतक्या लांब जाण्याचं माझं वयही नाही. पण माझी भाची मुक्ता हिच्याबरोबर काम करणारा मुलगा ऐन वेळी डेंग्यूनं आडवा झाला होता आणि तिला टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. "मावशी, तू फक्त टोक धरून उभी राहा. बोलू नकोस," ती म्हणाली. जन्मभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला ही दुसरी अट जाचक होती. तरी मी बॅग भरली.

मुक्ता करते काय, हे तिनं मला गाडीत समजावलं. तेवढं इथं सांगून टाकते, म्हणजे पुढची भानगड कळेल. काळा दगड पिठासारखा बारीक दळायचा आणि शेतात पसरायचा. पावसाचं पाणी हवेतला नि मातीतला कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं आणि किंचित आंबट होतं. ते आंबट पाणी दगड झिजवतं. दगड झिजता झिजता तो वायू पाण्यातल्या क्षारांत अडकतो, ओढ्यानाल्यांतून समुद्राला मिळतो आणि हजारो वर्षं परत वर येत नाही. डोंगर हे काम केव्हापासून करताहेत, पण त्यांना घाई नाही. दळलेला दगड ते लवकर उरकतो. किती लवकर, हेच मोजायचं.

आता वायू काही चिमटीत सापडत नाही. म्हणून दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम किती झिजून गेलं ते मातीत पाहतात. त्यात मराठवाड्याची माती मुळात त्याच काळ्या दगडाची लेक. तिच्यात माहेरचं किती नि नव्यानं टाकलेलं किती, ते कसं ओळखणार? त्यासाठी शेजारचं एक रान जसंच्या तसं ठेवायचं. तीच माती, तेच पीक, तोच पाऊस, फक्त भुकटी नाही. याला मुक्ताची मंडळी 'रिकामा पट्टा' म्हणतात. दोन रानांतला फरक ही दगडाची करामत.

पण मुखेडच्या पुढच्या एका गावात तो फरकच येत नव्हता. पावसाळ्यानंतर त्या डेंग्यूवाल्या मुलानं काढून आणलेल्या मातीत भुकटीचं रान आणि रिकामं रान जुळ्या बहिणींसारखी निघाली. मुक्ताच्या बेंगळुरूच्या साहेबांनी सांगितलं होतं की एकदा परत जाऊन नमुने आणा. तेही असेच आले तर आपली पद्धत तिथल्या मातीला लागू नाही असं समजून मराठवाड्यातलं काम गुंडाळू. मुक्ता झोपेतसुद्धा टेप गुंडाळत होती.

नांदेड

सकाळी गोदावरीवर धुकं होतं. आंघोळी आटोपून आम्ही गुरुद्वारात गेलो आणि लंगरला बसलो. वाढणारे बाबा पोळी घेऊन समोर आले. मी एका हातानं ताट सावरत दुसरा पुढं केला. ते हलेनात. मला वाटलं पोळी संपली. शेजारच्या आजींनी माझा ताटावरचा हात उचलून दुसऱ्याला जोडला, तेव्हा पोळी पडली. इथं अन्न दोन्ही हातांनी घ्यायचं असतं. आमच्याकडे पंगतीत एक हात सतत "पुरे, पुरे" म्हणायला मोकळा ठेवावा लागतो. त्या दिवशी तो हात जोडलेला असल्यामुळे मी जरा जास्तच जेवले.

बाहेर जीप घेऊन खाजाभाई उभे होते. मुखेडचे. दाढीला मेंदी, खिशाला दोन पेनं. यांच्या घरात तीन पिढ्या गाड्यांचा धंदा आहे, आणि तिन्ही पिढ्यांतल्या बातम्या त्यांच्याकडे ताज्या असतात.

"उद्या सकाळी लवकर रानात जायचंय, खाजाभाई," मुक्ता म्हणाली.

"उद्या काम? नक्को जी. उद्या येळवस हाय."

वेळ अमावास्या. नांदेड-लातूरकडे या दिवशी गावं ओस पडतात, बाजारात चिटपाखरू नसतं, आणि सगळी माणसं घरचं शिजवलेलं घेऊन रानात जेवायला जातात. मुक्ताला याची कल्पना नव्हती. पण ती खूश झाली. "मग बरंच आहे. सगळे रानातच भेटतील."

"भेटतील की. पण येळवसला रानात गेलेला माणूस जेवल्याबिगर सुटत न्हाई, मॅडम. मला तीन गावचं आवतन हाय. मी सकाळपासून कायच खानार नाय."

वाटेत तूर शेंगांनी लगडली होती, ज्वारी कमरेपर्यंत आली होती, आणि मधूनमधून उघडे, तांबूस माळ. जमीन मात्र इतकी काळी की आमच्या लाल मातीच्या सवयीच्या डोळ्यांना ती ओलीच वाटते. खाजाभाईंनी गाडी हाकता हाकता महत्त्वाची गोष्ट सांगितली. मुक्ताची ती दोन रानं बांधाला बांध लागून होती, पण नुसत्या शेजाऱ्यांची नव्हती. भुकटीचं रान केरबांचं आणि रिकामं रान गयाबाईंचं. केरबांची लेक अर्चना गयाबाईंच्या मुलाला दिलेली होती. दोघं व्याही-विहीण.

"आमच्या यादीत फक्त गट नंबर आहेत," मुक्ता म्हणाली.

"नंबरात सोयरीक कशी दिसंल जी?" खाजाभाई म्हणाले.

मुखेडला पोचलो तेव्हा बाजारात येळवसच्या भाज्यांचे डोंगर होते. तुरीच्या शेंगा, वाटाणे, हिरवी चिंच, गाजरं, बोरं, हरभऱ्याचा पाला. एका बाईनं मला विचारलं, "किती मानसांची भज्जी?" मी सांगितलं, आम्ही माती काढायला आलोय. तिनं चिंच जास्त घातली आणि दया म्हणून पैसे कमी घेतले.

येळवस

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा शिवारात जत्रा भरली होती. प्रत्येक रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली. आत पाच दगड मांडलेले, ते पांडव. त्यांना पांढराशुभ्र चुना फासलेला. मुक्ताचा चेहरा चुन्यापेक्षा पांढरा झाला.

"मावशी, चुना! कॅल्शियम मोजायला आलोय मी, आणि हे लोक रानात चुना लावताहेत!"

"दगडांना लावलाय. रानाला नाही."

तेवढ्यात गयाबाईंचा मुलगा बालाजी मडकं घेऊन निघाला. मडक्यात ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील. ती कडुनिंबाच्या डहाळीनं सगळ्या रानावर शिंपडायची असते. मुक्ता त्याच्यामागे पळाली. "दादा, थांबा! आंबट आहे ते! आधी माझे नमुने होऊ द्या!"

बालाजीनं आईकडे पाहिलं. गयाबाई कोपीपुढं उभ्या होत्या. उंच, काटक, कपाळावर मोठं गोंदण. नवरा गेल्यापासून शेती त्यांच्याच हातात होती.

"काढू दे लेकीला माती," त्या म्हणाल्या. "पन आंबील शिंपडल्याबिगर कुनी जेवत न्हाई. सारे उपाशी हायेत. हात उरका."

इतक्या भुकेल्या डोळ्यांसमोर शास्त्रीय संशोधन क्वचितच झालं असेल. मी टेपचं टोक धरून उभी राहिले. मुक्तानं आधी केरबांच्या रानात गिरमिट फिरवलं. हे सुताराच्या गिरमिटाचंच मोठं भावंड, मातीत फिरवून वर ओढलं की आतली माती जशीच्या तशी बाहेर येते. काळ्या मातीत करडे, टोकदार कण चमकत होते. बरोबर होतं, तिथं भुकटी टाकलेलीच होती. मग आम्ही बांध ओलांडून गयाबाईंच्या रिकाम्या पट्ट्यात आलो. गिरमिट वर आलं. मुक्ता खाली बसली. तिनं माती बोटांत चोळली, भिंग लावलं, परत चोळली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "इथं पण आहे."

मी वर पाहिलं. केरबा, म्हणजे पन्नाशीचा मऊ आवाजाचा गडी, आपल्या बैलाच्या शिंगात फार रस घेऊन पाहत होते.

"काय निघालं ओ?" गयाबाईंनी विचारलं.

"मातीच," मी म्हणाले.

"मंग जेवा."

दोन्ही रानांतलं आवतन होतं आणि दोन्हीकडे जेवल्याशिवाय सुटका नव्हती. मुलाकडचा मान म्हणून आधी गयाबाईंची पंगत. भज्जी म्हणजे आमच्याकडची भजी नव्हेत. सगळ्या शेंगा, डाळी, पाले, चिंच आणि बेसन यांची घट्ट, आंबटतिखट भाजी. बरोबर बाजरीचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर आणि गाडग्यातून थंडगार आंबील. मी चार वाट्या आंबील प्यायले. खाजाभाई त्यांच्या पहिल्या गावाला कधीच पोचले नाहीत. मुक्तानं घास नुसता चिवडला. तिच्या डोक्यात माती होती.

हात धुवायला अर्चना मला विहिरीवर घेऊन गेली. लग्नाला दोन वर्षं झालेली, बडबडी पोरगी. तिनं बादली वर ओढली. मग एकदम म्हणाली, "मावशी, तुमाला समजलं, हाव ना?"

"काय?"

"भुकटीचं." तिनं मागं वळून पाहिलं. "माजं नाव सांगू नका. यंदा धोंड्याचा महिना आला ना पेरनीच्या आधी?"

अधिक महिन्याला इकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्यात जावयाला आहेर करावा लागतो, हे मला माहीत होतं. आमच्याकडे अनारशांवर भागतं.

"बाबानी आंगठी करायची ठरवली होती," अर्चना सांगू लागली. "सासूबाई मनल्या, सोनं नको, कपडा नको. धोंड्याचा महिना हाय, धोंडा द्या. तुमच्या रानात ट्रकानं आलाय."

"म्हणजे ती भुकटी?" मी विचारलं.

"बाबाला काय बोलावं समजंना. लेकीच्या सासूला नाई कसं मनावं? मॅडमच्या मानसांनी ढीग टाकून दिलता, बाबा पसरनार होते. त्यानी अर्धा ढीग ट्रॉलीत भरला, वर नारळ ठेवला, हळदकुंकू लावलं आन् वाजवत आनला. ह्यानी पसरला. समदं गाव जेवलं."

म्हणजे अख्ख्या गावानं पंगतीत बसून रिकामा पट्टा भरला होता, आणि कुणीही चोरी केली नव्हती. मला हसू आवरेना. अर्चना मात्र रडकुंडीला आली होती. "मॅडमनी वर लिवलं तर बाबाची इज्जत जाईल. आन् सासूबाईला वाटंल मीच सांगितलं. मला त्यांच्या घरात ऱ्हायचंय, मावशी."

तिचं नाव घेणार नाही, असं मी कबूल केलं.

मुक्ताला मी बांधावर नेऊन सांगितलं. आधी ती उडीच मारणार होती. "म्हणजे पद्धत चुकली नव्हती! दोन्ही रानांत अर्धं अर्धं पडलं, म्हणून सारखं आलं! माती खरं बोलत होती!" आणि लगेच खाली बसली. कारण या जोडीचं वर्षभराचं काम वाया गेलं होतं. ढीग टाकल्यावर ती दुसऱ्या गावाला निघून गेली होती, पसरेपर्यंत थांबली नव्हती, तेही तिला आठवलं असावं.

"लिहावं तर लागेल, मावशी. कुणाचं नाव घालणार नाही, पण जे झालं ते लिहीन."

तिनं साहेबांना फोन लावला. रेंज फक्त बांधावरच्या बोरीखाली होती, त्यामुळे ती काट्यांत डोकं घालून बोलत होती. अधिक महिना म्हणजे काय, जावई म्हणजे कोण आणि त्याला दगड का द्यायचा, हे सगळं तिला इंग्रजीत सांगावं लागलं.  मग साहेबांनी विचारलं की हे कारण कुठल्या रकान्यात घालायचं.

पण माणूस समजूतदार निघाला. या जोडीचा यंदाचा आकडा गाळायचा, असं त्यानं सांगितलं. याच शिवारात अशीच माती असलेलं, हात न लागलेलं दुसरं रान आजच्या आज मिळालं तर पुढच्या पावसापासून नव्यानं मोजू. नाही मिळालं तर हे गाव बंद.

दुसरं रान हवंय म्हटल्यावर केरबांनी कारण न विचारता पलीकडच्या शेतकऱ्याला हाक मारली. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे मला काय भेटनार?"

"काही नाही," मुक्ता म्हणाली. "तुम्ही फक्त भुकटी टाकायची नाही."

"ते तर मी आत्ताबी टाकून न्हाई राहिलो," तो म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

आता गयाबाईंशिवाय इलाज नव्हता. त्यांचं ओढ्याकडे दुसरं वावर होतं. मुक्ता सरळ त्यांच्यापुढं जाऊन बसली. "गयाबाई, तुमच्या रानात भुकटी आहे. मातीतच दिसली मला."

अर्चनानं हातातलं गाडगं खाली ठेवलं. केरबांनी बैलाकडे पाहणं सोडलं आणि पागोटं नीट करायला घेतलं.

"हाव, हाय," गयाबाई म्हणाल्या. "मंग? चोरून आनली का? वाजत आनली."

"इहीनबाई, मीच…" केरबा पुढं आले.

"तुमी थांबा इवाई. तुमी दिलं, तुमचं काम झालं." त्या मुक्ताकडे वळल्या. "मी इचारते ह्या पोरीला. माजा पोरगा नवरदेव. मान कुनाचा? आमचा. आन् ट्रक कुनाच्या रानात? इवायाच्या. आमच्या रानात काय केलं तुमी? चार खुंट्या ठोकल्या! मनलं, तुमाला काई द्यायचं न्हाई, तुमी फकस्त काई करू नका. गावात बाया मला इचारायच्या, गयाबाई, तुमच्या रानाला कामून नाई दिलं? माती खराब हाय का? मी काय सांगावं?"

 मुक्ताजवळ उत्तर होतं, पण ते इंग्रजीत होतं. मग टोक धरणाऱ्या बाईनं अट मोडली.

"गयाबाई," मी म्हणाले, "बाजारात ज्वारी मोजतात ती कशानं?"

"मापानं."

"ज्वारी कुणाचीही असो, माप बदलतं?"

"बदलून कसं चालंल?"

"मापात आधीच कुणी पसाभर ज्वारी टाकून ठेवली तर?"

"तर समद्यांचंच मोजनं खोटं." त्या थांबल्या.

"केरबांचं रान म्हणजे ज्वारी. तुमचं रान म्हणजे माप. या पोरीनं तुम्हांला तेवढं सांगितलं नाही, ही तिची चूक. भुकटी कुणाच्याही रानात पडू दे, ती तुमच्या रानाला विचारूनच मोजायची. तुमचं रान कोरं नसेल, तर त्यांच्या दगडाला कुणी दगडसुद्धा म्हणणार नाही."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मुक्तानंही मान हलवली.

गयाबाईंनी पदर सारखा केला. "म्हंजे इवायाचं रान माज्या रानावरून मोजनार?"

"हो."

"आन् माजं त्यांच्यावरून न्हाई?"

"अजिबात नाही."

त्यांनी केरबांकडे असं काही पाहिलं की केरबांनी पागोटं परत सोडलं.

"चला, ओढ्याकडं," गयाबाई म्हणाल्या.

ओढ्यात पाय नि गिरमिट धुऊन मग त्या वावरात गिरमिट फिरवलं. निखळ काळी माती वर आली, एकही करडा कण नाही. मुक्तानं ती लगेच पिशवीत भरली. गयाबाईंना पहिल्या खड्ड्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडायचा होता. मुक्तानं हात जोडले. शेवटी नारळ बांधाबाहेर फोडायचा, पाणीही बाहेरच सांडायचं, असं ठरलं. मग मुक्तानं नियम सांगितले. या पट्ट्यात चुना नको, आंबील पलीकडून शिंपडा, भुकटीच्या रानातली अवजारं धुतल्याशिवाय इकडे आणू नका. पायाला लागून आलेली भुकटीसुद्धा नको. गयाबाई एकेक नियम मोठ्यानं म्हणून दाखवत होत्या, आणि अर्चनानं कितीतरी वेळानं श्वास घेतल्यासारखं मला वाटलं.

आम्ही पिशव्या बांधत होतो तेवढ्यात केरबा ओढ्याच्या काठानं येताना दिसले. हातात पानसुपारीचं ताट. झालं गेलं विसरून जावं, म्हणून निघाले असावेत. ते बांधावर चढले आणि एक पाय वावरात टाकणार, तोच गयाबाईंचा आवाज सगळ्या शिवारात घुमला.

"इवाई! तितंच थांबा!"

केरबा एका पायावर थांबले.

"चपला काढा."

त्यांनी काढल्या.

"झटका."

त्यांनी ताट बांधावर ठेवलं आणि चपला एकमेकींवर आपटल्या. भुकटीचा बारीक धूर उडाला.

"हिकडं न्हाई, तिकडं तोंड करून! पायबी झटका. धोतराचा काठ."

अर्चना पदरात तोंड घालून हसून गदगदत होती. खाजाभाई जीपला टेकले होते, त्यांनी डोळे पुसले. केरबांनी धोतर झाडलं, तळपाय एकमेकांवर घासले, आणि चपला हातात धरून, खालमानेनं, परवानगीची वाट पाहत उभे राहिले. गयाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत एकदा सावकाश न्याहाळलं.

"आता या," त्या म्हणाल्या.